व्हिसाच्या रांगेत ठेवलेल्या हत्यारांच्या बॅगेबाबत

जबाब

नाव : जमा करून घेतलेल्या पासपोर्टावर आहे तेच. कामावर टेस्टर म्हणतात.
वय : तेवीस.
शिक्षण : सहावी पास. सातवीत बसलो होतो, मधेच उठलो.
धंदा : एसी, फ्रिज, वॉशिंग मशीन दुरुस्ती. शेठच्या दुकानात नोकरी.
राहणार : दुकानामागची पत्र्याची खोली. मूळ गाव लांब, रेल्वेने दोन दिवसांवर. तिथल्या घराला कुलूप आहे.

मला आज दुपारी पोलीस ठाण्यात आणून साहेबांनी समोर बसवून विचारले, त्यावरून मी स्वतः सांगतो की, मी वर लिहिलेल्या ठिकाणी राहतो व काम करतो. या शहरात येऊन दीड वर्ष झाले. त्याआधी बेकरीत होतो, त्याआधी टायरच्या दुकानात, त्याआधी एका ट्रकवर. एका जागी माझे बूड टिकत नाही असे ताई म्हणते. माझ्यावर कुठेही गुन्हा नाही. काम सोडताना भांडून निघालो असेन, पण चोरून कधी निघालो नाही.

मला सख्खी अशी एक ताईच आहे. आई गेली तेव्हा मी लहान होतो, ताईने वाढवले. तिचे लग्न सरहद्दीपलीकडच्या देशात झाले. भावजी तिकडे गाड्या रंगवायच्या कारखान्यात होते. गेल्या वर्षी ते घर सोडून गेले, कुठे ते ताईलाही माहीत नाही. ताई तिथे एका शाळेत साफसफाईचे काम करते. तिच्या पोटात गाठ निघाली असून पुढच्या आठवड्यात ऑपरेशन आहे. तिथल्या दवाखान्याचा नियम असा की, आत नेण्याआधी घरच्या माणसाने समोर येऊन सही करायची आणि नंतर जवळ थांबायचे. ताईने नर्सला सांगितले की, घरचा माणूस दुसऱ्या देशात आहे. नर्स म्हणाली, मग त्याला बोलवा, नाहीतर तारीख पुढे जाईल. पुढे म्हणजे किती, ते तिने सांगितले नाही.

मी ताईला फोनवर म्हणालो, "मी येतो."

ताई म्हणाली, "तू? अरे, व्हिसासाठी रांगेत उभं राहावं लागतं. तुला मिनिटभर एका जागी ठेवायचं तर खुंटीला बांधावं लागायचं. राहू दे. शेजारच्या बाईला बहीण म्हणून उभी करते."

मी म्हणालो, "मी येतो म्हणालो ना."

त्यावर तिने फोन ठेवला नाही. मागे नळाचा आवाज येत होता.

त्यावरून मी व्हिसा कचेरीत गेलो. ती मोठ्या रस्त्यावर आहे, बाहेर लोखंडी गेट आणि फुटपाथ. रांग फुटपाथवर पहाटेच लागते. खिडकी दहाला उघडते आणि एकला बंद होते. रांगेची पद्धत साहेबांनी विचारली म्हणून सांगतो. माणसाला पाणी प्यायला, फोटो काढायला, आडोशाला जावे लागते. तेव्हा आपल्या जागी वस्तू ठेवायची. कोणी चप्पल ठेवतो, कोणी वीट, कोणी पाण्याचा कॅन. वस्तू असेपर्यंत जागा आपली. वस्तूला माणसाइतकाच मान असतो, कधी कधी जास्तच, कारण ती भांडत नाही. पण वस्तू ठेवून माणूस फार वेळ गायब राहिला की मागचे लोक ती पायाने बाजूला सारतात. मग कोणी ऐकत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात.

पहिल्या खेपेला मी खिडकीपर्यंत पोचलो तर आतल्या मॅडमनी अर्ज परत केला. म्हणाल्या, "स्थानिक ओळख कुठे आहे?" अर्जात एक रकाना आहे. अर्ज करणाऱ्याला स्वतः ओळखणाऱ्या, याच शहरात राहणाऱ्या माणसाचे नाव, पत्ता, सही आणि त्याच्या ओळखपत्राची झेरॉक्स. मी म्हणालो, "मॅडम, गावाकडचं चालेल का? तिथे सगळं गाव ओळखतं." त्या म्हणाल्या, "इथलं पाहिजे. पुढचे या."

साहेबांनी विचारले की, खोलीतल्या माणसांची सही का घेतली नाही. खोलीत दोघे वॉचमन आहेत. ते रात्रपाळीला असतात आणि दिवसा झोपतात, मी दिवसा कामावर आणि रात्री झोपतो. खाटा दोनच असल्यामुळे एक खाट माझी आणि त्यांच्यापैकी एकाची मिळून आहे. आमची गाठ दाराशी पडते, "झाली का?" "झाली" एवढे बोलणे होते. त्यांच्या उशीचा वास मी ओळखतो, माणूस नीट ओळखत नाही. शिवाय तेही बाहेरगावचेच, त्यांच्या ओळखपत्रावर पत्ता तिकडचा.

शेठ इथलेच आहेत. त्यांना विचारले तेव्हा ते गिऱ्हाइकाशी बोलत होते. म्हणाले, "सही-बिही मागू नको बाबा. मागे एकाला दिली होती, तो आपल्याच पक्कडीसकट पळाला." नंतर पुन्हा विचारले नाही. तरी रोज रांगेत उभा राहत होतो, सही कुठून मिळाली तर नंबर हाताशी असावा म्हणून.

रांगेत माझ्या मागे एक बाई असायच्या. त्यांना मी मावशी म्हणत होतो. त्या इथल्याच रहिवासी, शिवणकाम करतात. त्यांची लेक पलीकडे दिली आहे आणि अवघडलेली आहे, पहिलेच आहे. फोटोच्या मागचा रंग चुकला म्हणून त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. रांगेत बोलून ओळख झाली. मला सारखे पाय हलवायची सवय आहे, त्यावर मावशी म्हणाल्या, "अरे, पायाला भिंगरी लावून घेतलीस का? तुझ्याकडे बघून मलाच चक्कर येते. बस की जरा."

मी बसलो. थोड्या वेळाने पुन्हा उठलो. त्या हसल्या.

"नाव काय रे तुझं?"

"टेस्टर."

"हे काय नाव झालं? बारशाला कोण होतं, वायरमन?"

माझ्यापुढे एक जण असायचा, तो जागेवर हेल्मेट ठेवायचा. तो म्हणाला, "मावशी, याच्यापासून लांब बसा, करंट लागेल." असे बोलणे चालायचे. मावशी डबा आणत, झाकणात मलाही वाढत. त्यांची छत्री मोडली होती तिची काडी मी तारेने बांधून दिली. त्यांनी माझ्या शर्टाचे बटण लावून दिले, शर्ट अंगावर असतानाच. त्याला घर सोडल्यापासून कोणी हात लावला नव्हता, म्हणजे बटणाला.

आज सकाळी मी त्यांना अर्जातल्या रकान्याबद्दल सांगितले. मी सही मागितली नव्हती, फक्त सांगितले. मावशी म्हणाल्या, "कालच बोलला असतास तर? आण इकडे. मावशी म्हणतोस ना, मग भाच्याला ओळखत नाही असं म्हणू का?" त्यांनी हेल्मेटवाल्याच्या पाठीवर कागद ठेवून सही केली. तो म्हणाला, "हळू, गुदगुल्या होतात." ओळखपत्र त्यांनी पर्समधून काढून माझ्या हातात दिले आणि म्हणाल्या, "झेरॉक्स काढून पळत ये. पुढे फार माणसं राहिली नाहीत."

त्यानंतर मी जागेवर माझी हत्यारांची बॅग ठेवली. काळी बॅग, पट्टा तुटका. आत काय होते ते साहेबांनी पंचनाम्यात लिहिले आहे, पण मी पुन्हा सांगतो. वायरचे तुकडे, चिकटपट्टी, एसीचे दोन कपॅसिटर, गॅसचा लहान डबा, तांब्याची नळी, शेठचा प्रेशर मीटर आणि एका गिऱ्हाइकाच्या वॉशिंग मशीनचा टायमर. अर्ज आणि फोटो मी बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवले होते, चुरगळू नयेत म्हणून. पासपोर्ट खिशात होता.

टायमर चालू का होता, हे साहेबांनी तीनदा विचारले. तिन्ही वेळा सांगितले तेच सांगतो. तो चावीचा टायमर आहे, त्याला वीज लागत नाही. पिळला की पंधरा मिनिटे टिकटिकतो आणि थांबतो. मी निघालो तेव्हा मागचा एक जण कुरकुरला, "हा गेला की उगवतच नाही." म्हणून मी टायमर पूर्ण पिळून बॅगेत ठेवला आणि म्हणालो, "हा वॉशिंग मशीनचा टायमर वाजतोय तोवर माझी जागा. थांबला की बॅग खुशाल बाजूला सारा." लोक हसले. हेल्मेटवाला म्हणाला, "बघा, बोलणारी चप्पल ठेवली याने." मावशीही हसल्या. हे सगळ्यांच्या समोर झाले. त्यात मला गैर काही वाटले नाही. आता सांगताना कसे वाटते ते मला कळते.

झेरॉक्सचे दुकान कोपऱ्यावर आहे. मी आत गेलो आणि लाईट गेली. दुकानदार म्हणाला, "येईल एवढ्यात." मला थांबवेना. मागच्या गल्लीत दुसरे दुकान आहे असे ऐकून तिकडे गेलो, तिथे मशीन होते पण कागद नव्हता. परत पहिल्या दुकानात आलो, तोवर लाईट आली होती आणि माझ्यापुढे चौघे लागले होते. मी पहिल्यांदाच जागेवर थांबलो असतो तर वेळेत परत आलो असतो. झेरॉक्स मिळाली तेव्हा टायमर थांबून गेलेला असणार, हे मला माहीत होते. म्हणून पळत निघालो.

मागाहून कळले ते असे. मी गेल्यावर गेटवरचा पहारेकरी बदलला. नवीन पहारेकरी रांगेवरून फिरला, त्याला टिकटिक ऐकू आली. त्याने बॅग थोडी उघडली, वायर आणि डबा बघितला आणि शिट्टी मारली. रांग मोडली. टिकटिक चालू होती तोवर लोक मागे सरकत होते, ती थांबली तेव्हा पळाले असे हवालदार म्हणतात.

मी कोपरा वळलो तेव्हा रस्त्यावर दोरी बांधलेली होती, सगळे लोक पलीकडच्या बाजूला उभे होते आणि फुटपाथवर फक्त वस्तू राहिल्या होत्या. चपला, विटा, कॅन, हेल्मेट. आणि माझी बॅग. पोलीस कर्ण्यावरून विचारत होते, "ही बॅग कोणाची आहे? कोणी पाहिलं का ठेवताना?" दोनदा विचारले. कोणी बोलले नाही. हेल्मेटवाला फोनमध्ये बघत होता. मावशी छत्री दोन्ही हातांनी छातीशी धरून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितले. मग त्या गेटकडे बघायला लागल्या.

मी दोरीखालून वाकून आत गेलो आणि बॅगेकडे धावलो. साहेबांनी विचारले की, लोक लांब पळत असताना तू तिकडे का धावलास. माझा नंबर जाईल म्हणून धावलो. दुसरे कारण नाही. मी "माझी आहे, माझी आहे" असे ओरडत होतो, पण तोपर्यंत मला खाली पाडले होते. कोपर खरचटले ते त्यात. माझी त्याबद्दल तक्रार नाही. नंतर बॉम्बच्या पथकाने बॅगेवर लांबून पाण्याचा जोरदार फवारा मारून ती फोडली. मीटर फुटला. अर्ज भिजला. मावशींची सही शाईची होती, ती पसरली, नाव वाचता येत नाही.

माझ्या हातात मावशींचे ओळखपत्र सापडले, त्यामुळे पोलिसांनी त्यांना माझ्यासमोर बोलावले. त्यांना विचारले, "याला ओळखता का?"

त्या म्हणाल्या, "रांगेत असतो."

"नाव काय याचं?"

"माहीत नाही."

"मग तुमचं ओळखपत्र याच्याकडे कसं?"

"झेरॉक्सला दिलं होतं. रांगेत सगळेच देतात एकमेकांकडे."

तेवढ्यात खिडकी पुन्हा उघडली आणि आतून नंबर पुकारायला लागले. त्यांनी विचारले, "मी जाऊ का? माझा नंबर आहे." पोलिसांनी ओळखपत्र त्यांना दिले. झेरॉक्स माझ्याकडेच राहिली. त्या गेल्या. जाताना त्यांनी हेल्मेटवाल्याला काहीतरी विचारले, ते मला ऐकू आले नाही.

साहेबांनी विचारले की, बाईंना बॅगेतला टायमर वॉशिंग मशीनचा आहे हे माहीत असताना त्यांनी मुद्दाम सांगितले नाही काय. तसे मला सांगता येत नाही. सगळे एकदम ओरडत असताना एका बाईचा आवाज कोण ऐकणार. शिवाय बोलले की साक्षीदार म्हणून ठाण्यात यावे लागते आणि नंबर जातो. त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. लेकीजवळ कोणी नाही. त्या खोटे काहीच बोलल्या नाहीत. मी रांगेत असतो हे खरे आहे. माझे नावही त्यांना माहीत नव्हते, सही करायच्या आधी अर्जावर त्यांनी वाचले असेल तर तेवढेच. त्यांचे नावही मला झेरॉक्स बघूनच कळले. माझी त्यांच्याविरुद्ध काही तक्रार नाही, आणि त्यांना पुन्हा बोलावू नये.

साहेबांनी सांगितले की, बॅगेत घातक काही सापडले नाही, तुला ताकीद देऊन सोडायचे आहे, पण इथल्या कोणीतरी येऊन तुला ओळखतो असे सांगावे. मी शेठचा नंबर दिला. साहेबांनी फोन लावला, आवाज मोठा केला होता म्हणून मला सगळे ऐकू आले.

शेठ म्हणाले, "टेस्टर ना? हो, आमच्याकडेच आहे. बॉम्ब? अहो साहेब, परवा त्याने फ्रिजमधला बल्ब उलटा पिळून फोडला! तो काय बॉम्ब करणार?"

साहेब म्हणाले, "मग येऊन तसं लिहून देता का?"

शेठ म्हणाले, "गल्ल्यावर कोणी नाही हो. आणि खरं सांगू का, मुलगा कामाला वाईट नाही. पण कुठला, कोणाचा, ते मी कधी विचारलं नाही. काम येतं का, एवढंच विचारलं. तो मीटर ठीक आहे ना?"

साहेबांनी फोन ठेवला. खोलीतल्या वॉचमनचा नंबर माझ्याकडे नाही. असता तरी या वेळी ते झोपलेले असतात.

साहेबांनी विचारले, घरच्या कोणाला कळवायचे का. ताईचा नंबर सांगितला. हवालदारांनी लावून बघितला, ठाण्याच्या फोनवरून देशाबाहेर लागत नाही. माझा फोन जमा आहे. तो परत दिल्यावर मी तिला रोजच्या वेळेलाच फोन करीन, त्याआधी केला तर ती घाबरेल. आज काय झाले ते तिला सांगणार नाही. रांग लांब होती, एवढे सांगेन. ते ती लगेच खरे मानेल.

खिडकी उद्या एकपर्यंत उघडी आहे. परवापासून सुट्टी आहे. अर्ज उद्या आत गेला तर व्हिसा ऑपरेशनच्या आधी हातात येतो, नाहीतर येत नाही. कोरा अर्ज गेटवर फुकट मिळतो. फोटो पुन्हा काढता येतील. तो रकाना तेवढा राहतो.

म्हणून मी साहेबांना म्हणालो, "तुम्ही कराल का सही? ओळखणारा म्हणून."

साहेब म्हणाले, "मी?"

मी म्हणालो, "तुम्ही इथले रहिवासी आहात. माझं शिक्षण, गाव, ताई, तिची गाठ, मी कुठे झोपतो, कशासाठी धावलो, सगळं तुम्ही विचारून घेतलं. या शहरात एवढं दुसऱ्या कोणी विचारलेलं नाही."

लिहिणारे हवालदार हसले. साहेब हसले नाहीत. ते म्हणाले, "अरे बाबा, चौकशी वेगळी, ओळख वेगळी. आणि परदेशाच्या कागदावर आम्हाला तसली सही करता येत नाही."

मी म्हणालो, "मग या जबाबाची शिक्का मारलेली एक प्रत द्या. मी कोण ते यात लिहिलेलं आहे. अर्जाला जोडतो आणि खिडकीवर दाखवतो."

साहेब म्हणाले, "बॉम्बच्या संशयाचा कागद व्हिसाच्या अर्जाला जोडणार? मॅडम खिडकी बंद करून पळतील."

मी म्हणालो, "शेवटपर्यंत वाचल्या तर नाही पळणार."

हवालदारांनी विचारले, हे पण लिहायचे का. साहेब म्हणाले, लिहा. प्रत पाहिजे तर वेगळा अर्ज करावा लागतो असे मला सांगण्यात आले. तो अर्ज मी आत्ता इथेच बसून लिहून देत आहे. प्रत तयार होईपर्यंत बाहेरच्या बाकावर थांबायची माझी तयारी आहे, कितीही वेळ लागला तरी.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या सांगण्याप्रमाणे उतरला आहे. मी तो आणखी एकदा वाचायला सांगितला. त्यांनी विचारले, कुठे काही चुकले का. मी म्हणालो, चुकले नाही, नुसता वाचा. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचला. बरोबर आहे.